माशीच्या आधी वरची अक्षरे वाचावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत युरोपीय चित्रकलेवर जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील अलीकडच्या एका लेखात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील एका जर्मन व्यक्तिचित्राचा परिचय करून दिला होता. सुमारे १४७० मध्ये दक्षिण जर्मनीतील स्वाबिया या प्रदेशात रंगवलेले हे चित्र 'होफर घराण्यातील स्त्री' या नावाने ओळखले जाते. इटालियन प्रबोधनकाळातील ठरावीक दहा-बारा चित्रांच्या पलीकडे वृत्तपत्रीय कलालेखन सहसा जात नाही, त्यामुळे या निवडीबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून अभिनंदन. लेखाच्या मुख्य प्रतिपादनाविषयी मात्र मला मतभेद नोंदवावासा वाटतो. तो चित्राच्या तपशिलांतूनच मांडावा लागणार असल्याने पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. चित्रातील स्त्रीने डोक्यावर मोठे पांढरेशुभ्र वस्त्र बांधले आहे, त्या वस्त्रावर एक काळी माशी बसलेली दाखवली आहे, आणि माशी हे मृत्यूचे व कुजण्याचे चिन्ह असल्यामुळे ऐन तारुण्यातही मरण विसरू नये, असा या चित्राचा संदेश आहे. हा अर्थ चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या युरोपात माशीचा मृत्यूशी संबंध जोडला जात असे, हे खरेच आहे. परंतु हा अर्थ हाती लागताच लेख संपतो, आणि चित्र पाहण्याचे कामही तेथेच संपल्यासारखे होते. वास्तविक ज्यावर हे चित्र रंगवले आहे त्या लहानशा लाकडी फळीवर माशीइतक्याच, किंबहुना तिच्याहून अधिक विचार करायला लावणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वरच्या बाजूला लिहिलेली अक्षरे आणि दुसरी म्हणजे स्त्रीच्या हातातील फुले. या दोहोंना बाजूला ठेवून माशीचा अर्थ लावणे म्हणजे तीन साक्षीदारांपैकी एकाचीच जबानी घेऊन निकाल देण्यासारखे आहे.

यात काही दोष छपाईकडेही जातो. पुरवणीत चित्र छापताना त्याचा वरचा भाग कापला गेला होता आणि माशीचा तपशील मात्र वेगळ्या चौकटीत मोठा करून दिला होता. पानाची जागा मोजकी असते, हे मान्य आहे. पण जो भाग कापला गेला, त्याच भागात या स्त्रीविषयी आपल्याजवळ असलेली एकमेव लेखी माहिती आहे. शिवाय चित्राची मापे कोठेच दिली नव्हती. मूळ फळी ५३.७ सेंटिमीटर उंच आणि ४०.८ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे दोन हातांत धरून सहज उचलता येईल एवढीच. चित्र एवढे लहान आहे हे ठाऊक असणे आणि नसणे यामुळे माशीच्या प्रश्नाचे उत्तर कसे बदलते, ते पुढे येईलच.

आधी अक्षरांकडे वळतो. चित्राच्या वरच्या कडेला 'गेबोर्न होफरिन' असे शब्द आहेत. ही स्त्री जन्माने होफर घराण्यातील, माहेरची होफर, एवढाच त्यांचा अर्थ. तिचे स्वतःचे नाव त्यात नाही, नवऱ्याचे नाही, वय नाही आणि सालही नाही. जन्मघराण्याचा असा वेगळा उल्लेख करण्याची गरज लग्नानंतर घराणे बदललेल्या स्त्रीच्याच बाबतीत पडते, म्हणजे ती विवाहित आहे हे या दोन शब्दांतच आले. तिचे शिरोवस्त्रही तेच सांगते, कारण त्या काळच्या जर्मन शहरांत अविवाहित मुलींचे केस दिसत असत आणि विवाहित स्त्रिया ते कापडाखाली झाकून घेत. येथे एक केसही दिसणार नाही इतका पक्का बंदोबस्त आहे. अशा रीतीने वस्त्र सांगते की ही कोणाची तरी पत्नी आहे आणि अक्षरे सांगतात की ही कोणाची तरी मुलगी आहे. यांपैकी शब्दांत नोंदवण्याच्या योग्यतेचे ठरले ते दुसरे नाते. हे चित्र कोणी काढवून घेतले असेल, ते कोणत्या घरात लटकत असेल आणि या स्त्रीची आठवण कोणाला ठेवायची होती, हे प्रश्न येथून सुरू होतात आणि माशीपेक्षा ते मला अधिक गुंतवून ठेवतात.

ही गोष्ट किती विशेष आहे हे तुलनेने चांगले लक्षात येते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४९९ मध्ये न्यूरेंबर्गच्या एल्सबेथ टूखर हिचे व्यक्तिचित्र रंगवले. ते आज जर्मनीतील कासेल येथील संग्रहात आहे. (पश्चिम जर्मनीच्या वीस मार्कांच्या नोटेवर अनेक वर्षे हाच चेहरा होता, त्यामुळे चित्र न पाहिलेल्या लाखो लोकांनीही तो खिशात बाळगला होता.) त्या चित्रावरही अक्षरे आहेत, पण त्यांत तिचा उल्लेख 'निक्लास टूखरची एल्सबेथ' अशा अर्थाने येतो. शिवाय वय २६ आणि साल १४९९ हेही तेथे आहे. तिचे वस्त्र अडकवणाऱ्या धातूच्या आकड्यावर नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि हातात अंगठी आहे. तिचे माहेर पुश घराण्यातले, पण चित्रात त्याचा मागमूस नाही. तेथे प्रत्येक खूण नवऱ्याकडे बोट दाखवते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ते चित्र पती-पत्नीच्या जोडचित्रातील एक पान, म्हणजे जोडीतील एक फळी, होते. नवऱ्याचे पान पुढे हरवले. होफर घराण्यातील स्त्रीच्या चित्रात सगळा भार माहेरावर आहे. सुमारे तीस वर्षांच्या अंतराने, त्याच दक्षिण जर्मन जगात रंगवलेल्या दोन विवाहित स्त्रिया अशा दोन वेगळ्या पद्धतींनी नोंदवल्या गेल्या. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर व्यक्तिचित्र हे त्या काळी चेहऱ्याइतकेच नात्यांचेही दस्तऐवज होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता शिरोवस्त्र. लेखात त्याला माशी बसण्याची जागा एवढेच स्थान मिळाले आहे, तर चित्रात त्याने चेहऱ्यापेक्षा अधिक क्षेत्र व्यापले आहे. माझ्या मते चित्रकाराची खरी मेहनत चेहऱ्यावर नसून या कापडावर आहे. चेहरा नेटका, सौम्य आणि काहीसा साच्यातला आहे. कापड मात्र प्रत्यक्ष समोर ठेवून पाहिलेले वाटते. तागाच्या पांढऱ्या कापडाच्या घड्या रंगवणे हे तेलरंगातील कठीण कामांपैकी एक आहे, कारण पांढऱ्यावर पांढरेच रंगवायचे असते आणि घडीचा उठाव दाखवण्यासाठी हाताशी असतात त्या केवळ करड्या व निळसर छटा. त्या थोड्या जास्त झाल्या की कापड मळके दिसते आणि थोड्या कमी झाल्या की कागदासारखे सपाट दिसते. त्या काळी पांढऱ्यासाठी सफेदा, म्हणजे शिशापासून केलेला रंग, वापरत. तो दाट आणि अपारदर्शक असल्यामुळे उजेड पडलेल्या कडांवर त्याचा जाडसर थर देता येतो, आणि सावलीच्या जागी पातळ थरांतून खालची छटा दिसू देता येते.

अशी शिरोवस्त्रे रंगवण्याची स्पर्धाच जणू नेदरलँड्समध्ये त्याआधी एक पिढी होऊन गेली होती. नॅशनल गॅलरीतच सुमारे १४३५ मधील एका स्त्रीचे व्यक्तिचित्र आहे, जे रॉबर्ट काम्पिनचे मानले जाते. त्यात पांढऱ्या कापडाच्या अनेक घड्या चेहऱ्याभोवती येतात आणि कापड धरून ठेवणारी टाचणीही स्पष्ट दिसते. रोगिर व्हान डर वेडनने रंगवलेल्या आणि आज बर्लिनमध्ये असलेल्या स्त्रीच्या डोक्यावरचे पंखांसारखे पसरलेले वस्त्रही असेच टाचणीने बसवलेले आहे. रोगिर १४६४ मध्ये वारला, पण त्याच्या चित्रांतील रचना दक्षिण जर्मन चित्रकारांना चांगल्याच परिचित होत्या. न्योर्डलिंगेन येथे काम करणाऱ्या फ्रीडरिश हेर्लिनच्या वेदीचित्रांत (चर्चमधील वेदीसाठी केलेल्या चित्रांत) त्या उघडपणे ओळखू येतात. चेहरा पूर्ण बाजूने न दाखवता पाऊण वळवून दाखवण्याची पद्धतही तेथूनच आलेली आहे. इटलीत या सुमारास स्त्रियांची व्यक्तिचित्रे बहुतांशी नाण्यावरील मुद्रेसारखी एका बाजूने काढली जात होती. म्हणून होफर घराण्यातील स्त्रीचे चित्र पाहताना, स्वाबियातील कोणी अनामिक कारागीर नेदरलँड्सच्या श्रेष्ठ चित्रकारांशी पांढऱ्या कापडावर झुंज घेत आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे. काम्पिनच्या तोडीचे ते झाले आहे असे मला वाटत नाही, पण फार मागेही पडलेले नाही.

हा अनामिक कारागीर स्वाबियातीलच, असे ज्या आधारांवर म्हणता येते, त्यांत शैलीबरोबर खालची फळीही आहे. ती पांढऱ्या फर वृक्षाची आहे. नेदरलँड्समधील चित्रकार बहुधा ओकच्या फळ्या वापरत, आणि त्यांतला चांगला ओक बाल्टिक प्रदेशातून जहाजांनी येत असे. दक्षिण जर्मनीतील चित्रकार मात्र जवळच्या डोंगरांतील फर, स्प्रूस, पाइन किंवा लिंडेन यांचे लाकूड घेत. लाकूड जड, स्वस्त आणि हाताशी उपलब्ध असणारी वस्तू असल्यामुळे ते सहसा फार प्रवास करत नाही. रंग आणि रचना मात्र करतात. फळीवर खडू आणि सरस यांचा पांढरा लेप देऊन, तो घासून गुळगुळीत करून, त्यावर रेखाटन करायचे आणि मग तेलात कालवलेले रंग पातळ थरांत चढवायचे, ही आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वसाधारण कृती होती. इटलीत खडूच्या जागी जिप्सम येई. चित्रावर सही करण्याची रीत जर्मन चित्रकारांमध्ये अजून रूढ झालेली नव्हती, त्यामुळे आज संग्रहालयाच्या फलकावर चित्रकाराच्या नावाच्या जागी प्रदेशाचेच नाव असते. चित्रातल्या स्त्रीला स्वतःचे नाव नाही आणि चित्र काढणाऱ्यालाही नाही. दोघांच्या वाट्याला आले आहे ते फक्त मूळ.

हातातील फुलांविषयी लेखात केवळ 'निळी फुले' एवढाच उल्लेख होता. ती फरगेट-मी-नॉटची आहेत. या फुलाच्या जर्मन नावाचाही अर्थ 'मला विसरू नकोस' असाच होतो, आणि जर्मन प्रदेशात ते प्रेमाची व एकनिष्ठेची खूण म्हणून प्रसिद्ध होते. परंतु आठवण ठेवण्याची विनंती प्रियकराला करता येते, तशीच ती मागे राहणाऱ्या कुटुंबालाही करता येते. लग्नाच्या वेळचे चित्र म्हणून पाहिले तर फूल एक बोलते आणि मृत स्त्रीच्या स्मरणार्थ केलेले चित्र म्हणून पाहिले तर दुसरे. असाच पेच ड्यूररच्या १४९३ मधील आत्मचित्रातही आहे. लूव्र संग्रहालयातील त्या चित्रात तरुण ड्यूररच्या हातात एका काटेरी वनस्पतीची डहाळी आहे. पुढच्याच वर्षी त्याचे लग्न झाले म्हणून काही अभ्यासक ती वाग्दानाची खूण मानतात, तर काहींना तिच्यात ख्रिस्ताच्या यातनांची सूचना दिसते. त्या काळच्या व्यक्तिचित्रांत हातात दिलेली वनस्पती एकच उत्तर देत नाही; ती उत्तरांची दिशा दाखवते. होफर घराण्यातील स्त्रीच्या चित्रात दिशा स्पष्ट आहे: आठवण. वरची अक्षरे कोणाची आठवण ते सांगतात आणि फूल आठवण ठेवा म्हणून सांगते. माशीचा विचार या दोन गोष्टींच्या पार्श्वभूमीवर व्हायला हवा होता.

आता त्या माशीकडे येतो, कारण ती टाळून या चित्राविषयी लिहिता येणार नाही. पहिला प्रश्न तिच्या अर्थाचा नसून तिच्या जागेचा आहे. ती नेमकी कशावर बसली आहे? झटकन येणारे उत्तर 'शिरोवस्त्रावर' हे आहे. पण ते पुरेसे नाही. डोक्यावरच्या वस्त्रापासून हातातील फुलांपर्यंतचा भाग जेमतेम ५४ सेंटिमीटरांत बसवलेला असल्यामुळे ही स्त्री प्रत्यक्षाहून लहान आकारात रंगवलेली आहे. चित्रातील माशी तिच्या कापडावर बसली असेल, तर ती त्याच प्रमाणात लहान हवी. ती तर जवळपास खऱ्या माशीएवढी आहे. म्हणजे ती स्त्रीच्या जगातील नसून पाहणाऱ्याच्या जगातील आहे. चित्र भिंतीवर टांगलेले असताना कोठून तरी उडत आली आणि फळीवर बसली, असा तो बनाव आहे. पण दुसऱ्याच क्षणी मन कच खाते, कारण ती चित्रातल्या इतर कोणत्याही भागावर न बसता बरोबर पांढऱ्या कापडावर, जेथे ती सर्वांत उठून दिसेल अशा जागी बसलेली आहे, आणि कापडावरची माशी म्हणून पाहू गेल्यास तशीही ती पटते. रंगवलेली माशी खरी वाटण्यासाठी तिच्याखाली सावली लागते. ती सावली घडीवर पडली आहे की फळीवर, याचा निकाल डोळा लावू शकत नाही.

यामुळे चित्रात तीन पातळ्या तयार होतात, आणि माझ्या दृष्टीने या चित्रातील खरी बुद्धिमत्ता तेथे आहे. अक्षरे फळीच्या पृष्ठभागावर आहेत; ती स्त्रीच्या मागे हवेत तरंगत नाहीत, कोणी तरी चित्रावर लिहिलेली आहेत. फुले पूर्णपणे आतल्या जगातील आहेत. ती स्त्रीच्या बोटांत आहेत. आणि माशी या दोन्हींच्या मध्ये, कधी पृष्ठभागावर तर कधी आत, अशी ये-जा करत राहते. दुरून पाहणारा माणूस ती हाकलायला हात उचलेल, जवळ गेल्यावर फसल्याचे त्याच्या लक्षात येईल, आणि एकदा इतक्या जवळ गेल्यावर त्याला कापडाच्या घड्या, अक्षरे आणि फुलांच्या पाकळ्या दिसल्याशिवाय राहणार नाहीत. मला तर वाटते, की पाहणाऱ्याला चेहऱ्याच्या इतक्या जवळ ओढून आणण्यासाठी चित्रकाराजवळ याहून चांगली युक्ती नव्हती. हाच परिणाम पुरवणीत माशी मोठी करून छापल्यामुळे नाहीसा झाला, कारण हातभर माशी पाहून कोणी फसत नाही. संगणकाच्या पडद्यावर चित्र हवे तेवढे मोठे करून पाहण्याची सोय अभ्यासाला फार उपयोगी आहे, पण तेथेही हीच अडचण येते.

अशी माशी रंगवणारा हा एकटाच चित्रकार नव्हता, आणि या इतर माश्या कोठे बसल्या आहेत ते पाहणे उद्बोधक आहे. ब्रूजच्या पेट्रस क्रिस्टसने १४४६ मध्ये रंगवलेले कार्थुसियन या ख्रिस्ती पंथातील एका संन्याशाचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात चित्रकाराने खालच्या बाजूला दगडी चौकट रंगवली आहे, तिच्यावर कोरल्यासारखी स्वतःची सही केली आहे आणि नेमकी सहीच्या वर माशी बसवली आहे. कारागिराने आपल्या कसबाखाली टाकलेली ती दुसरी सहीच म्हणावी लागेल. 'फ्रँकफर्टचा मास्टर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराने १४९६ मध्ये स्वतःचे व पत्नीचे जे चित्र रंगवले, ते अँटवर्पमध्ये आहे. त्यात पत्नीच्या पांढऱ्या शिरोवस्त्रावर, म्हणजे होफर स्त्रीप्रमाणेच, माशी आहे. आपल्या पत्नीच्या डोक्यावर, आनंदाच्या प्रसंगी काढलेल्या चित्रात, कोणी चित्रकार मरणाची आठवण म्हणून माशी बसवील का, याचा विचार वाचकांनीच करावा. इटालियन चित्रकार कार्लो क्रिवेल्लीच्या चित्रांतही माश्या आहेत. ड्यूररने १५०६ मध्ये व्हेनिसमधील जर्मन व्यापाऱ्यांच्या चर्चसाठी केलेल्या मोठ्या वेदीचित्रातही एक माशी होती. ते चित्र आज प्रागमध्ये आहे आणि त्याची बरीच हानी झालेली आहे. माशी आता जुन्या प्रतींवरूनच कळते. ती मरियमच्या मांडीवरील पांढऱ्या कापडावर होती. पुन्हा पांढरे कापडच.

इटालियन चित्रकार जोत्तोने लहानपणी आपला गुरू चिमाब्वे याच्या चित्रातील एका व्यक्तीच्या नाकावर माशी रंगवली आणि गुरू ती हाकलू लागला, ही गोष्ट चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने सोळाव्या शतकात लिहून ठेवली आहे, आणि लेखातही ती आली होती. गोष्ट गमतीची आहे, पण तिचा उपयोग सावधपणे करायला हवा. वासारी जोत्तोच्या मृत्यूनंतर दोन शतकांनी लिहीत होता आणि तोवर रंगवलेल्या माश्या युरोपभर झाल्या होत्या. जोत्तोच्या गोष्टीमुळे चित्रकारांनी माश्या रंगवल्या असे मानण्यापेक्षा, चित्रकारांमध्ये रूढ झालेल्या एका खोडीला वासारीच्या लेखणीने थोर जन्मदाता मिळाला, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

मृत्यूचा अर्थ मी पूर्णपणे नाकारत नाही, हे वर म्हटलेच आहे. कोलोनच्या बार्थेल ब्रुइन याने १५२४ मध्ये एका स्त्रीच्या व्यक्तिचित्राच्या मागील बाजूस कवटी, निखळलेला जबडा आणि विझलेली मेणबत्ती रंगवली, आणि त्या कवटीवर माशी बसवली. तेथे शंकेला जागा नाही. पण यातून एक गोष्ट निष्पन्न होते: जर्मन चित्रकाराला मृत्यूविषयी बोलायचे असे तेव्हा तो आडपडदा ठेवत नसे, कवटीच समोर मांडत असे, आणि तीही बहुधा चित्राच्या पाठीमागे, जेथे फळी उलटल्यावरच ती दिसेल. होफर घराण्यातील स्त्रीच्या चित्राच्या पुढच्या बाजूस ना कवटी आहे ना मेणबत्ती. तेथे घराण्याचे नाव आहे आणि आठवणीचे फूल आहे. माशीत मरणाची छाया असलीच, तर ती या दोहोंच्या संगतीने आलेली आहे. आठवण ठेवायची गरज माणूस नाहीसा होणार असल्यामुळेच पडते, एवढ्या मर्यादित अर्थाने मी ती स्वीकारतो.

चित्र लंडनला कसे पोहोचले हा भाग लेखात नव्हता आणि तो पुढील लेखांसाठी उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देतो. ते बव्हेरियातील एटिंगन-वालरस्टाइन घराण्याच्या राजपुत्र लुडविगच्या संग्रहात होते. कर्जाला तारण म्हणून तो संग्रह राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्याकडे आला. तो केन्सिंग्टन राजवाड्यात ठेवून विकण्याचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक मिळाले नाही आणि चित्रे अल्बर्ट यांच्याकडेच राहिली. १८६१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार राणीने १८६३ मध्ये त्यांतील काही चित्रे नॅशनल गॅलरीला दिली; होफर स्त्री त्यांपैकी एक. गिऱ्हाईक न मिळण्याचे कारण त्या काळच्या ब्रिटिश अभिरुचीत आहे. जुन्या जर्मन चित्रांना तेथे ओबडधोबड समजत असत. मिंडेन येथील क्र्यूगर यांचा वेस्टफालियन (वेस्टफालिया या जर्मन प्रदेशातील) चित्रांचा संग्रह सरकारने १८५४ मध्ये याच गॅलरीसाठी विकत घेतला, आणि त्यावर एवढी नाराजी झाली की संसदेत कायदा करून १८५७ मध्ये त्यातील निम्म्याहून अधिक चित्रे विकून टाकण्यात आली. विकलेल्या चित्रांची आज विद्वानांना हळहळ वाटते. होफर स्त्री भेट म्हणून आली, खरेदी म्हणून नव्हे. कदाचित म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाही.

लेखमालेत पुढे आणखी जर्मन व्यक्तिचित्रे येणार असतील, तर एक सुचवावेसे वाटते. वर उल्लेखिलेले एल्सबेथ टूखरचे चित्र त्यासाठी घ्यावे. तिच्या शिरोवस्त्राच्या पट्टीवर सुट्या अक्षरांची एक ओळ विणलेली आहे, आणि ती कोणत्या शब्दांची आद्याक्षरे आहेत याविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही. तेथे चिन्हाचा तयार अर्थ देणारा कोश कामी येत नसल्यामुळे लेखकाला आणि आम्हा वाचकांनाही चित्राजवळच थांबावे लागेल. छापताना पट्टीवरची अक्षरे वाचता येतील एवढे मोठे चित्र द्यावे आणि शेजारी मूळ मापे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक